आमची बास्केटबॉलची तालीम

पुण्यांत राहणाऱ्या मनुष्यास ‘तालीम’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाहीं. चिंचेची तालीम, गोकुळ वस्ताद तालीम अशीं नांवें लहानपणापासून आपल्या कानांवर पडत असतात. तालीम म्हणजे ती वास्तु, आणि त्या वास्तूंतील तांबड्या मातींत घेतली जाणारी मेहनत म्हणजेही तालीमच. जोर, बैठका, खुराक आणि डोळ्यांत तेल घालून पाहणारा वस्ताद, इतकें जमलें म्हणजे पठ्ठा तयार होतो, अशी आपल्याकडील जुनी समजूत आहे. प्रस्तुत लेखांत आम्ही ज्या तालमीची हकीकत सांगणार आहों ती मात्र निराळी आहे. तिच्यांत माती नाहीं, घाम नाहीं, खुराक नाहीं. तिचे पठ्ठे तर कधीं जन्मासही आले नाहींत. ती तालीम संगणकाच्या पडद्यावर चालते. वार्षिकाच्या संपादकांनीं यंदा आम्हीं खेळांविषयीं कांहीं लिहावें असा आग्रह धरला, तेव्हां मिळविलेल्या चषकांची यादी देण्यापेक्षां या तालमींत आम्ही काय शिकलों व कोठें चुकलों, हें प्रांजळपणें सांगावें असें आम्हांस वाटलें.

शाळेच्या बास्केटबॉल संघाची देखरेख बरींच वर्षें आमच्याकडे आहे. मार्च २०२० मध्यें महामारीमुळें शाळा बंद झाल्या आणि मैदानाच्या फाटकास कुलूप लागलें. जून आला, पाऊस आला, सिमेंटच्या मैदानावर शेवाळ चढलें, पण चेंडूचा आवाज कांहीं ऐकूं आला नाहीं. मुलें आपापल्या घरीं दोन खोल्यांत कोंडलेलीं होतीं. आम्ही दूरध्वनीवरून त्यांना उठाबशा काढावयास सांगत होतों, आणि तीं मुलें ‘होय सर’ म्हणून बहुधा काढीत नव्हतीं. अशा वेळीं सातवींतील एका विद्यार्थ्यानें आम्हांस कळविलें, “सर, संगणकावर एक खेळ आहे. त्यांत आपला स्वतःचा संघ काढतां येतो. आपण दोघे चालवूं या का?” संगणकावरील खेळ म्हणतांच आमच्या कपाळास आठी पडली. परंतु तो मुलगा त्या दिवसांत फार एकटा पडला होता, आणि खरें सांगावयाचें तर आम्हीही एकटेच पडलों होतों. आम्हीं होकार दिला.

या खेळाचें नांव ‘बझरबीटर’. त्यांत चेंडू कोणी हातांत घेत नाहीं, कीं बोटांनीं कळ दाबून कोणास पळवीतही नाहीं. आपण केवळ संघाचे व्यवस्थापक. जगांतील निरनिराळ्या देशांतील लोक असेच एकेक संघ चालवितात, आणि त्या संघांचे सामने संगणक आपल्या गणितानें खेळवितो. तिकिटांचा दर ठरविणें, पगार भागविणें, लिलावांत खेळाडू घेणें व विकणें, हीं कामें व्यवस्थापकाचीं. परंतु त्या सर्वांत मोठें काम म्हणजे तरुण खेळाडूंस शिकवून तयार करणें. मोसमाच्या शेवटीं अठरा-एकोणीस वर्षांचीं नवीं पोरें संघांना वांटून दिलीं जातात. त्यांचे गुण आंकड्यांनीं किंवा शब्दांनीं लिहिलेले असतात : उडी मारून चेंडू टाकणें, चेंडू हाताळणें, पास देणें, बचाव करणें, रिबाउंड घेणें इत्यादि. प्रत्येक गुणास ‘अगदीं टाकाऊ’ पासून ‘दंतकथेंतला’ येथपर्यंत पायऱ्या आहेत. याशिवाय प्रत्येकाच्या नांवापुढें त्याची मर्यादाही लिहिलेली असते, म्हणजे तो फार फार तर कोठवर वाढेल हें. या मर्यादेची सर्वांत खालची पायरी ‘समालोचक’, म्हणजे ज्यानें खेळूं नये, नुसतें खेळाविषयीं बोलावें असा. आणि तिच्यावरची ‘बाक ऊबदार ठेवणारा’. हीं नांवें वाचून आम्ही दोघेही पोट धरधरून हसलों. तें हसणें पुढें आमच्याच गळ्यांत आलें, परंतु तें यथाक्रम सांगूं.

या खेळांत शिकविण्याचा नियम मोठा मार्मिक आहे. आठवड्यास एकच विषय शिकवितां येतो, आणि तो ज्या जागेच्या खेळाडूंस लागू असेल त्या जागेवर पोरगा प्रत्यक्ष सामन्यांत खेळला पाहिजे. तोही थोडाथोडका नव्हे. पूर्ण फायदा हवा असेल तर आठवड्यांत ४८ मिनिटें. त्या खेळांतील सामना ४८ मिनिटांचा असतो, आणि आठवड्यांत साधारणपणें तीन सामने. म्हणजे एका जागेवर ४८ गुणिले ३, अशीं १४४ मिनिटें मिळतात, आणि तीं तिघांत वांटलीं कीं संपलीं. चौथ्यास जागा नाहीं. शिवाय जो पोरगा अजून कच्चा आहे त्यालाच ही जागा द्यावी लागते. म्हणजे मुरलेला खेळाडू बाकावर बसवावयाचा, कच्च्या पोरास मैदानांत उतरवावयाचें, आणि डोळ्यांदेखत सामना हरावयाचा. जिंकणें आणि शिकविणें यांची अशी ओढाताण त्या खेळाच्या मुळांतच आहे. जो व्यवस्थापक प्रत्येक सामना जिंकूं पाहतो, त्याचा संघ हळूहळू म्हातारा होतो. जो केवळ शिकवीतच राहतो, त्याचा संघ खालच्या वर्गांत ढकलला जातो.

आम्ही दुसऱ्या प्रकारचे निघालों. पहिल्या चौदा आठवड्यांच्या मोसमांत आम्ही इतके सामने हरलों कीं शेवटीं शेवटीं आमचा तो छोटा सहकारी निकाल पाहण्यापूर्वीं डोळ्यांवर हात ठेवी. आम्ही खालच्या वर्गांत गेलों. परंतु आमच्या तिघां पोरांपैकीं एक, ज्याला आम्हीं ‘लंबू’ असें नांव ठेवलें होतें, तो दर आठवड्यास तांदळाएवढा वाढत होता. या लंबूच्या बाबतींत आम्ही एक चांगली गोष्ट शिकलों. उंच पोरास चेंडू हाताळणें व बाहेरून बचाव करणें सावकाश येतें, आणि वय वाढत जाईल तसतसा कोणताही गुण अधिकच सावकाश येतो, असा त्या खेळाचा हिशेब आहे. म्हणून जाणते व्यवस्थापक उंच पोरास आरंभीं त्याच्या जागेचें काम शिकवीतच नाहींत. जें त्याला अवघड तेंच त्याच्या कोवळ्या वयांत शिकवून घेतात, आणि रिंगाखालचें सोपें काम मागाहून. आम्हांस वाटलें, हें तर आपण मैदानावरही करावयास हवें होतें! आजवर उंच मुलगा दिसला कीं आम्ही त्याला रिंगाखाली उभा करीत होतों आणि ड्रिबलिंग बुटक्यांकडे सोंपवीत होतों. दहावी झाल्यावर तो उंच मुलगा कॉलेजच्या संघांत जाई आणि तेथें त्याच्याहून चार उंच मुलें असत. मग त्याला चेंडू घेऊन दोन पावलें टाकतां येत नसत. पडद्यावरच्या लंबूनें आमची ही चूक आमच्या पदरांत घातली, याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत.

ज्या गृहस्थानें बास्केटबॉल काढला त्याचें चरित्रही आम्हीं याच रिकाम्या दिवसांत वाचलें. डॉ. जेम्स नेस्मिथ हे मूळचे कॅनडांतील. त्यांनीं धर्मशास्त्राचें शिक्षण घेतलें होतें, परंतु प्रवचनापेक्षां मैदानावरूनच तरुणांच्या अंतःकरणांत अधिक शिरतां येईल असा त्यांचा समज झाला. डिसेंबर १८९१ मध्यें अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षण शाळेंत, थंडीमुळें बाहेर खेळतां येत नसल्यानें चिडलेल्या अठरा विद्यार्थ्यांचा एक वर्ग त्यांच्या हवालीं करण्यांत आला. नेस्मिथ यांनीं पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जास ठोकल्या आणि तेरा नियम लिहून भिंतीवर लावले. एकेका बाजूस नऊ असे अठराही जण खेळले. बाकावर कोणी बसलें नाहीं. त्या पहिल्या सामन्यांत चेंडू एकदांच टोपलींत पडला. टोपली दहा फुटांवर होती, आणि आजही रिंग दहा फुटांवरच आहे. आपल्या देशांत या खेळाच्या प्रसारास याच संस्थेचा हातभार लागला; मद्रास येथें १९२० मध्यें हॅरी क्रो बक यांनीं सुरू केलेल्या वाय. एम. सी. ए. च्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयांतून पुढें असंख्य क्रीडाशिक्षक तयार झाले.

याच नेस्मिथांविषयीं एक मौजेची गोष्ट अशी. पुढें ते कॅन्सस विद्यापीठांत गेले व १८९८ पासून १९०७ पर्यंत तेथील संघाचे प्रशिक्षक होते. त्या काळांत त्यांचा संघ ५५ सामने जिंकला आणि ६० हरला. खेळाचा जनकच खेळांत हरला! परंतु त्यांच्याच हाताखालीं खेळलेला फॉग अॅलन नांवाचा विद्यार्थी पुढें त्या विद्यापीठाचा नामांकित प्रशिक्षक झाला. आमचा संघ खालच्या वर्गांत गेला त्या रात्रीं ही हकीकत आम्हीं आमच्या सहकाऱ्यास सांगितली, तेव्हां तो म्हणाला, “मग सर, आपणही साठ हरूं या!” आणि बऱ्याच दिवसांनीं तो मोकळेपणानें हसला.

अशीं दोन वर्षें गेलीं. पडद्यावर सात मोसम झाले. त्या खेळांत एका मोसमास एक वर्ष धरतात, म्हणून आमचा अठरा वर्षांचा लंबू पंचविसाचा झाला. आम्ही दोन वर्ग वर चढलों. परंतु लंबू आतां आपल्या मर्यादेस पोंचला होता. कितीही शिकविलें तरी आंकडा हलेना, आणि पगार मात्र फुगत चाललेला. आमच्या सहकाऱ्यानें हिशेब मांडून दाखविला कीं आतां त्यास विकणें फायद्याचें आहे. लिलाव झाला, किंमत चांगली आली, त्या पैशांत आम्हीं दोन नवीं पोरें घेतलीं. लंबूच्या जाण्याचें आम्हांस लवमात्र दुःख झालें नाहीं. होण्याचें कारणही नव्हतें, कारण लंबू नांवाचा कोणी नव्हताच. पण मनास एक संवय लागली ती लागलीच.

जून २०२२ मध्यें मैदान पुन्हां गजबजलें. बास्केटबॉलसाठीं छत्तीस मुलांनीं नांवें दिलीं. पूर्वीं आम्ही मुलांना आठ-पंधरा दिवस मोकळें खेळूं देत असूं आणि मग संघ निवडीत असूं. या खेपेस आम्हीं एक वही घातली. प्रत्येक मुलाच्या नांवापुढें उंची, धांव, उडी, पास, नेम असे रकाने आंखले आणि दहापैकीं गुण दिले. येथवर वावगें असें कांहीं नव्हतें. चांगल्या शिक्षकानें टिपण ठेवावेंच. परंतु शेवटीं आम्हीं आणखी एक रकाना आंखला, आणि त्याचें शीर्षक लिहिलें : ‘मर्यादा’. त्या रकान्यांत, पडद्यावरचे शब्द जिभेवर खेळत असल्यामुळें, आम्ही सहज लिहून गेलों : कोणी ‘तारा’, कोणी ‘पहिल्या पांचांतला’, कोणी ‘सहावा गडी’. आठवींत एक लहानखुरा मुलगा होता. मनगटें बारीक, उडी बेताची, चेंडू पकडतांना डोळे मिटून घेणारा. त्याच्यापुढें आम्हीं लिहिलें, ‘बाकावरचा’.

वही एके दिवशीं मैदानाच्या कट्ट्यावर राहिली. मुलांनीं ती उघडली. मुलेंच तीं, त्यांचा आम्हांस राग नाहीं. दुसऱ्या दिवशीं मैदानावर त्या मुलास सर्वजण ‘बाकावरचा’ म्हणून हांका मारूं लागले. आम्हीं रागें भरून तें बंद केलें, परंतु रागें भरतांना आमचा आवाज आम्हांसच पोकळ वाटला, कारण तो शब्द मुलांचा नव्हता, आमचा होता. तिसऱ्या दिवशीं तो मुलगा आला नाहीं. त्यापुढील आठवड्यांतही आला नाहीं. वर्गांत तो येई, परंतु आम्ही समोरून येतांना दिसलों कीं जिन्यानें वर जाई.

आमच्या प्रार्थनेच्या तासाला हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत आम्हीं किती वेळां सांगितला असेल, याची गणती नाहीं. नव्याण्णव मेंढरें रानांत सोडून एकाच्या शोधार्थ जाणाऱ्या मेंढपाळाचें आम्ही मोठ्या रसानें वर्णन करीत असूं. त्या आठवड्यांत मात्र तो दृष्टांत वाचतांना मनांत आलें कीं, त्या गोष्टींत मेंढरूं आपण होऊन वाट चुकतें. येथें तर मेंढपाळानेंच त्यास हुसकून लाविलें आहे. शनिवारीं शाळा सुटल्यावर आम्ही त्याच्या घरीं गेलों.

घर नाना पेठेंतील एका जुन्या वाड्यांत होतें. आई-वडील कामावर गेलेले. ओसरीवर आजोबा बसले होते. कान मोडलेले, खांदे अजून रुंद. पाहतांच ओळखलें कीं हे मातींतले गृहस्थ. आम्हीं घडलें तें सर्व सांगितलें, वहीसुद्धां. त्यांनीं निमूटपणें ऐकून घेतलें. मग म्हणाले, “मास्तर, तुमचं चुकलं असं मी म्हणत नाहीं. मला पण आमच्या वस्तादांनीं तोंडावर सांगितलं होतं, कीं पोरा, तुझ्या अंगांत कुस्ती नाहीं. खरंच नव्हती. एक फड मारला नाहीं मी जन्मांत. पण वस्तादांनीं मला घरीं नाहीं धाडलं. म्हणाले, आखाडा खणायला ये. वीस वर्षं मी पहाटे माती खणली. हळद, तेल, ताक घालून मळली. त्या मातींत मोठमोठे पहिलवान लोळले. आणि खणतां खणतां माझंही अंग झालं.” एवढें बोलून त्यांनीं नातवास हांक मारली. तो दाराआडच उभा होता.

आम्ही काय बोललों हें विस्तारानें सांगण्यांत अर्थ नाहीं. आम्हीं त्याची क्षमा मागितली. शिक्षकानें आठवींतल्या मुलाची क्षमा मागावी, हें कित्येकांस विपरीत वाटेल. आम्हांस त्या वेळीं तसें वाटलें नाहीं. तो कांहीं बोलला नाहीं, पण सोमवारीं मैदानावर आला. त्याच दिवशीं आम्हीं वहींतील तो शेवटचा रकाना सर्व मुलांदेखत फाडून टाकला. बाकीचे रकाने ठेवले. आजही ते आम्ही भरतों, परंतु आतां त्यांत आरंभीचा आंकडा आणि आजचा आंकडा एवढेंच असतें. मुलगा कोठवर आला हें आम्हांस दिसतें. तो कोठवर जाईल हें लिहिण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

विचार करतां आमच्या ध्यानांत एक गोष्ट आली. पडद्यावरच्या पोराची मर्यादा त्याच्या जन्माबरोबर कोणीतरी लिहून ठेविलेली असते, म्हणून ती वाचणें हा दोष नव्हे. हाडामांसाच्या मुलाच्या कपाळावर मात्र असें कांहीं वाचतां येत नाहीं, आणि जो वाचल्याचा आव आणतो तो वस्तुतः वाचीत नसून लिहीत असतो. पंजाबांतील बल्लो के या गांवचा शेतकऱ्याचा मुलगा सतनाम सिंग पाहा. त्याची उंची सात फूट दोन इंच. लुधियानाच्या अकादमींत त्यास धडे मिळाले, २०१० मध्यें तो अमेरिकेंत शिकावयास गेला, आणि २०१५ मध्यें डॅलसच्या संघानें ५२ व्या क्रमांकावर त्याची निवड केली. एन. बी. ए. च्या निवडींत नांव आलेला तो पहिला भारतीय. सर्वांस वाटलें, आतां हा गगनास हात लावणार. परंतु तेथील नियमित मोसमांतील एकही सामना त्याच्या वांट्यास आला नाहीं. उलट आपल्या पुण्याचीच शिरीन लिमये. २०१७ मध्यें बंगळूर येथें आशिया चषकाच्या दुसऱ्या श्रेणींत भारतीय महिलांनीं अंतिम सामन्यांत कझाकस्तानास ७५ विरुद्ध ७३ असें हरवून विजेतेपद मिळविलें. त्या संघांत ती होती, आणि पुढें ती देशाच्या संघाची कर्णधारही झाली. ज्या सामन्याचा निर्णय दोन गुणांवर लागतो, त्यापूर्वीं त्या मुलींच्या नांवापुढें कोणीं काय लिहिलें असतें, आणि तें कितपत खरें ठरलें असतें?

आतां त्या वर्षीच्या आंतरशालेय सामन्याची गोष्ट. वहीचा रकाना फाडला त्या दिवशीं आम्हीं मुलांना एक वचन दिलें होतें : बारांच्या संघांत जो येईल, त्यास प्रत्येक सामन्यांत कांहीं मिनिटें तरी मिळतील. पूर्ण सामना चाळीस मिनिटांचा. पांच जण मैदानांत, म्हणजे एकूण दोनशें मिनिटें. सारखीं वांटलीं तर एकेकास सोळा-सतरा येतात. तितकीं नाहीं तरी चार-पांच मिनिटें प्रत्येकास द्यावीं, असा आमचा बेत. त्या लहानखुऱ्या मुलानें पांच महिने पहाटे येऊन मेहनत केली होती. डोळे मिटण्याची संवय गेली होती. तो बारांत आला, तो दयेनें नव्हे, वहींतील आंकड्यांनीं आला.

उपांत्यपूर्व फेरींत तिसऱ्या भागाअखेर आम्ही सहा गुणांनीं पुढें होतों. त्या मुलास अजून मैदानांत उतरविलें नव्हतें. आमच्या मनांत काय चाललें होतें तें आम्ही लपवीत नाहीं. वचन मोडावें, सामना जिंकावा, आणि पुढच्या फेरींत त्यास खेळवावें, असा विचार मनांत येऊन गेला. बाकाकडे पाहिलें. तो आमच्याकडे पाहत नव्हता. बुटाची नाडी पुन्हां पुन्हां बांधीत होता. आम्हीं त्यास उतरविलें. त्याच्या पांच मिनिटांत दोन वेळां त्याच्या हातून चेंडू गेला, एकदां त्यानें सुंदर पास देऊन दोन गुण मिळवून दिले, आणि आमची आघाडी सरली. शेवटीं आम्ही तीन गुणांनीं हरलों.

एका पालकांनीं त्याच ठिकाणीं आम्हांस विचारलें, “सर, हा सामना आपण मुद्दाम घालविला काय?” त्यांचा मुलगा शेवटच्या वर्षाचा होता, त्यास पुन्हां संधि नव्हती, त्यांचें दुःख खोटें नव्हतें. आम्हीं त्यांना वचनाची हकीकत सांगितली. ती त्यांना पटली असें आम्ही म्हणणार नाहीं. तो शेवटच्या वर्षाचा मुलगाही त्या संध्याकाळीं आमच्याशीं बोलला नाहीं. एकाच्या पांच मिनिटांची किंमत दुसऱ्यानें दिली, हें खरें आहे, आणि त्याचा बोजा आमच्यावर आहे. परततांना गाडींत सर्व मुलें गप्प होतीं. इतक्यांत आमचा तो पडद्यावरचा जुना सहकारी, जो आतां नववींत होता व संघांतही होता, मागच्या बाकावरून म्हणाला, “सर, पहिल्या मोसमांत आपण असेच हरत होतों.” कोणीतरी हसलें. मग त्या लहानखुऱ्या मुलाच्या पाठीवर एकानें थाप मारली. आम्ही खिडकीबाहेर पाहत राहिलों.

पुढील वर्षीं आम्ही अजिंक्यपद पटकाविलें असें लिहितां आलें असतें तर लेखाचा शेवट गोड झाला असता. तसें झालें नाहीं. उपांत्य फेरींत आम्ही पुन्हां हरलों. परंतु त्या वर्षीं एकाही मुलानें मध्येंच खेळ सोडला नाहीं, ही गोष्ट आमच्या इतक्या वर्षांच्या अनुभवांत प्रथमच घडली. तो लहानखुरा मुलगा मोठा खेळाडू झाला नाहीं. मात्र शाळेंत होता तोंवर दर शनिवारीं तो पांचवीच्या मुलांस ड्रिबलिंग शिकवावयास येई, आणि चेंडू येतांना डोळे मिटणाऱ्या मुलास कसें शिकवावें हें त्याच्याइतकें कोणासच साधलें नाहीं. आमच्यापेक्षां त्याचाच या कामांत अधिक उपयोग होई. आजोबांनीं खणलेल्या मातीची आम्हांस अशा वेळीं हटकून आठवण होई.

पालकांस एक विनंति करावीशी वाटते. आपलें मूल संगणकावर असा कांहीं खेळ खेळत असेल तर एकदम तो हिसकावून घेऊं नका. त्याच्याजवळ बसून, तो काय हिशेब करतो तें ऐका. हा खेळ आठवड्यांत एखादा तास मागतो, त्याहून अधिक नाहीं, आणि घाई करणाऱ्यास तो कांहींच देत नाहीं. आज पेरलेलें चौदा आठवड्यांनीं दिसतें, हा धडा या उतावीळ दिवसांत लहान नाहीं. परंतु तास भरला कीं मुलास मैदानावर पाठवा. गुणपत्रक हातांत आलें म्हणजे आपणही आमच्यासारखाच एक रकाना मनांत आंखतों, आणि ‘याच्या हातून गणित व्हावयाचें नाहीं’, ‘हिला गळा नाहीं’, असें त्यांत लिहून मोकळे होतों. मूल तो रकाना वाचतें. वही कितीही आंत ठेवली तरी वाचतें.

आणि विद्यार्थीमित्रहो, तुमच्याविषयीं कोणीं कांहीं लिहून ठेवलें असेल, मग तें शिक्षकांनीं असो, सोबत्यांनीं असो कीं तुम्हीं स्वतः असो, तर तें शाईनें लिहिलें आहे असें मानूं नका. उद्यां पहाटे मैदानावर या. सहा वाजतां फाटक उघडतें. चेंडू आम्ही आणूं.